तलावाची हिरवी मुळे

गोंदियाहून कोहमारा ओलांडून नवेगावबांधची वाट धरली, की धानाच्या बांध्यांमधून एकामागून एक तलाव डोकावू लागतात. हे ‘मामा’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या जिल्ह्याचे खरे वैभव. नवेगावचा विस्तीर्ण बांध १८ व्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असे येथे सांगितले जाते.

अर्जुनी मोरगाव परिसरातील ढीवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनी काही तलावांतील बेशरमीची झुडपे उपटून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या देशी पाणवनस्पती लावल्या. हेतू होता मासळी परतावी, हा. परंतु या वनस्पतींचा आणखी एक गुण वैद्यकाच्या दृष्टीने मोलाचा आहे. पाण्यात विरघळलेले शिसे, कॅडमियम, तांबे असे जड धातू त्या मुळांवाटे व पानांवाटे शोषून घेतात आणि पेशींतील विशिष्ट प्रथिनांश त्यांना बांधून ठेवतात. जलपर्णीची झुपकेदार मुळे तर यात विशेष पटाईत. मात्र दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती मोकळी सोडली, तर तलावच गिळून टाकते.

येथेच सावधगिरीची गरज आहे. वनस्पती धातू नष्ट करीत नाही, केवळ स्वतःत साठवते. ती कुजली, की विष पुन्हा पाण्यात उतरते. म्हणून शुद्धीकरणासाठी लावलेली वनस्पती वेळेवर काढावी लागते. ती गुरांना घालू नये, तिचे खतही करू नये. हाच न्याय शिंगाड्याला आणि कमळकाकडीला लागू पडतो. स्वच्छ तलावातील शिंगाडा पौष्टिक. सांडपाण्याच्या डबक्यातला मात्र टाळावा.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटले, की त्यांचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. याहून अधिक शिसे मुलांच्या बुद्धीच्या वाढीला बाधक ठरते, तर कॅडमियम मूत्रपिंडे झिजवते. दोन्ही रंग, वास वा चवीवरून ओळखू येत नाहीत. पाण्याची तपासणी प्रयोगशाळेतच करावी लागते.

तेव्हा रासायनिक रंगांच्या मूर्ती, जुन्या बॅटऱ्या आणि गावाचे सांडपाणी तलावापासून दूर ठेवावे. पाणवनस्पती आपले काम निमूटपणे करीत असतात. त्यांच्यावर पेलणार नाही एवढा भार न टाकणे, हे आपले काम.