जिभेची साक्ष, कागदाची साक्ष : ‘जेफरसनच्या’ बाटल्यांची कथा

१/९
५ डिसेंबर १९८५. लंडनच्या क्रिस्टीज लिलावगृहात रेड वाइनची एकच बाटली बोलीसाठी आली. गडद काचेवर कोरलेले होते : १७८७ हे साल, ‘लाफीत’ हे बोर्दो प्रांतातील मळ्याचे नाव आणि ‘टीएच. जे.’ ही आद्याक्षरे. बोली १,०५,००० पौंडांवर थांबली. वाइनच्या एका बाटलीला एवढी किंमत तोवर मिळाली नव्हती.

२/९
ती आद्याक्षरे थॉमस जेफरसन यांची मानली गेली. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, १७८५ ते १७८९ या काळात ते फ्रान्समध्ये आपल्या देशाचे राजदूत होते आणि उत्तम वाइनचे चाहते होते. बाटल्या बाजारात आणणारे जर्मन संग्राहक हार्डी रोडेनस्टॉक सांगत, की पॅरिसमधील एका जुन्या घरात, भिंत घालून बुजवलेल्या तळघरात त्या सापडल्या. घर कोणते, हे मात्र त्यांनी उघड केले नाही.

३/९
जुनी रेड वाइन चाखण्यात एवढे काय असते? तिचा रंग आणि तुरटपणा द्राक्षांच्या साली-बियांतून येतो. ही द्रव्ये वर्षानुवर्षे एकमेकांशी जुळत जातात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळट रंग विटकरी होतो, तुरटपणा निवळतो, ताज्या फळांच्या वासाची जागा सुकलेली फळे, चामडे, ओली माती यांचे गंध घेतात. वाइन ओततानाही बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरतात, म्हणजे गाळ कुठवर आला ते दिसते.

४/९
याच संचातील १७८७ ची एक बाटली १९८६ मध्ये बोर्दोतील मूताँ इथे उघडली गेली. जाणकारांनी चाखली, वाखाणली. परंतु जिभेची साक्ष तुलनेवर उभी असते. १७८७ ची निःसंशय अस्सल वाइन आधी चाखलेला माणूस कुठून आणायचा? शिवाय प्याला रिता झाला, की पुरावाही संपला.

५/९
लिलावातील लाफीत तर कोणी चाखलीच नाही. ती न्यूयॉर्कमध्ये फोर्ब्स कुटुंबाच्या संग्रहात प्रदर्शनाला ठेवली होती. दिव्यांच्या उष्णतेने तिचे बूच आक्रसले आणि आत पडले.

६/९
अमेरिकी उद्योगपती बिल कोक यांनी अशा चार बाटल्या १९८८ मध्ये सुमारे ५ लाख डॉलरना घेतल्या होत्या. २००५ मध्ये बोस्टनच्या कलासंग्रहालयात त्या मांडायच्या ठरल्या, तेव्हा त्यांचा पूर्वेतिहास विचारला गेला. तो कोणाजवळच नव्हता.

७/९
मग विज्ञानाची मदत घेतली गेली. अणुस्फोटांमुळे सिझिअम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य जगभर पसरले आणि पुढच्या द्राक्षांतही उतरले. त्याचे गॅमा किरण काचेतून बाहेर येतात, म्हणून बाटली न उघडता ते मोजता येते. कोक यांच्या बाटल्यांत सिझिअम आढळले नाही. म्हणजे वाइन अणुयुगाआधीची. पण १७८७ ची की १९४० ची, हे यंत्र सांगू शकत नव्हते.

८/९
कोरीव अक्षरे पाहणाऱ्या तज्ज्ञांचे मत अधिक बोलके ठरले : ती विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरलेली दिसतात. २००६ मध्ये कोक न्यायालयात गेले. रोडेनस्टॉक यांनी आरोप सतत नाकारले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

९/९
जेफरसन पैपैचा हिशेब लिहीत, पत्रांच्या नकला ठेवत. त्यांच्या माँटिसेलो या निवासस्थानी त्या कागदांचा अभ्यास करणाऱ्यांनी १९८५ च्या लिलावाआधीच शंका घेतली होती : १७८७ च्या लाफीतची नोंद कुठेच नाही. बखरीची गोडी कितीही असो, आधी अस्सल कागद पाहा, हा राजवाड्यांचा आग्रह मराठी वाचकाला परिचित आहे. लंडनमध्येही तो कागद उपलब्ध होता. त्या दिवशी सभागृहाला बखर अधिक गोड लागली, एवढेच.