भिंतीपलीकडचे अंगण

इंग्लंडचा नकाशा समोर धरला, की त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून एक लांबट पाय अटलांटिक महासागरात पुढे सरकलेला दिसतो. हा कॉर्नवॉल परगणा. पाणी किती थंड आहे हे पाहण्यासाठी माणसाने अंगठा तेवढा बुडवावा, तसे या पायाचे टोक समुद्रात शिरले आहे आणि त्या अंगठ्याच्या वरच्या बाजूला, नखापाशी म्हणा हवे तर, सेंट आइव्ह्ज नावाचे एक चिमुकले गाव आहे. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनावर सकाळची गाडी धरली, तर पाचएक तासांनी सेंट अर्थ नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरायचे. तिथून फाट्याची गाडी. हा फाटा जेमतेम सव्वाचार मैलांचा. पण १८७७ साली घातलेले हे रूळ समुद्राच्या असे काही कडेकडेने जातात, की डब्यातली मंडळी न सांगता उजव्या बाजूच्या खिडक्यांशी गोळा होतात. इंग्रज माणूस प्रवासात सहसा बोलत नाही. पण इथे तोही शेजाऱ्याला, ‘पाहिलेत का?’ असे विचारून मोकळा होतो.

गाव मूळचे कोळ्यांचे. तारलीच्या जातीची मासळी इथे एके काळी उदंड सापडे. पुढे ती रोडावली, आगगाडी आली आणि तिच्यामागोमाग चित्रकार आले. इथल्या उजेडाला तिन्ही बाजूंनी समुद्राची झिलई लागलेली. त्या उजेडाच्या लोभाने आलेल्या या लोकांनी कोळ्यांचे जाळी ठेवायचे माळे भाड्याने घेतले आणि तिथे चित्रे काढायला सुरुवात केली. १९२० साली बर्नार्ड लीच हा कुंभारकामातला जाणता पुरुष हामादा शोजी या जपानी मित्राला घेऊन आला आणि त्याने गावात भट्टी लावली. आल्फ्रेड वॉलिस नावाचा एक म्हातारा दर्यावर्दी बायको वारल्यावर करमेना, म्हणून पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर होड्यांच्या रंगाने गलबते रंगवू लागला. आज त्याची चित्रे मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. असे हे गाव. आमच्या मुक्कामाच्या घरमालकिणीला मी सहज विचारले, ‘इथे पाहण्यासारखे काय?’ ती म्हणाली, ‘समुद्र. आणि भिंतीपलीकडची बाग.’

ती भिंत बार्नून हिलच्या चढावर आहे. बार्बरा हेपवर्थ या शिल्पकर्तीने १९३९ ते १९४९ अशी दहा वर्षे बाजाराच्या पिशव्या हातात घेऊन या भिंतीजवळून ये-जा केली. भिंत वीस फूट उंच. तिच्या आड काय आहे, याची त्यांना कल्पनाही नव्हती. मग एके दिवशी ट्रेविन स्टुडिओ ही ती जागा लिलावात निघाली आणि बाईंनी ती घेतली. पुढची पंचवीस वर्षे त्या तिथेच दगड फोडीत राहिल्या. शिल्पकर्तीच्या चरित्रात बाजाराच्या पिशव्यांचा उल्लेख आलेला मी तरी पहिल्यांदाच वाचला. त्यांनी तो स्वतःच करून ठेवला आहे, आणि मला वाटते, त्या बाईंची किल्ली त्या पिशव्यांतच आहे.

बार्बराचा जन्म १० जानेवारी १९०३ रोजी यॉर्कशरमधल्या वेकफील्डला झाला. वडील परगण्याचे सर्वेक्षक. रस्ते आणि पूल पाहण्यासाठी ते मोटारीतून हिंडत, तेव्हा मुलीला बरोबर घेत. मोटार टेकड्या चढू-उतरू लागली, की त्या पोरीला टेकड्या म्हणजे कोणीतरी घडवलेल्या मूर्तीच वाटत आणि रस्ता त्यांच्या अंगावरून हात फिरवीत चालला आहे असे वाटे. वयाच्या सतराव्या वर्षी ती लीड्सच्या कलाशाळेत दाखल झाली. तिथे तिचा सोबती कोण, तर हेन्री मूर! एका खाणकामगाराचा मुलगा आणि एका सर्वेक्षकाची मुलगी: विसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या शिल्पकलेची दोन मोठी नावे एकाच शाळेत, एकाच वर्गात शिकली.

पुढे लंडन, मग शिष्यवृत्तीवर इटली. फ्लॉरेन्समध्ये १९२५ साली जॉन स्कीपिंग या शिल्पकाराशी लग्न झाले. रोममध्ये आर्दिनी नावाच्या कसबी कारागिराकडून बाई संगमरवर कोरायला शिकल्या. हाताहातागणिक संगमरवराचा रंग बदलतो, असे तो म्हणे. हे त्यांनी आयुष्यभर ध्यानात ठेवले. त्या काळी युरोपात शिल्पकार मातीचा नमुना करून देई आणि दगडावरची मेहनत दुसरेच कोणी करी. या नव्या पिढीने ते नाकारले. आपण स्वतः छिन्नी-हातोडा घ्यायचा आणि दगड नेईल तिकडे जायचे, असे त्यांनी ठरवले. आपल्याकडचा पाथरवट यावर म्हणेल, ‘मग दुसरे कसे करतात?’

१९३२ च्या सुमारास बाईंनी गुलाबी अलाबास्टरच्या एका शिल्पाला आरपार भोक पाडले. आज हे ऐकून कोणाच्या भुवया उंचावणार नाहीत. पण तोवर मूर्ती म्हणजे भरीव वस्तू आणि तिच्याभोवती हिंडायचे, असा शिरस्ता होता. बाईंना त्या भोकातून पलीकडचा उजेड दिसला आणि विलक्षण आनंद झाला. हेन्री मूरच्या दगडांत भोके आली ती यानंतर, असे जाणकार सांगतात. ते मूळ शिल्प महायुद्धात नष्ट झाले. पण त्यातले भोक मात्र टिकले. जगभरच्या आधुनिक शिल्पांत ते अजून दिसते.

आम्हा मराठीच्या मास्तरांना शब्दांची खोड असते. मराठीत ‘पोकळी’ म्हटले की मृत्युलेख आठवतो. कोणी थोर गृहस्थ गेले, की ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ ठरलेलीच. पण त्याच मराठीत ‘गाभारा’ हाही शब्द आहे. तीही पोकळीच, पण ती भरून काढायची नसते. तिच्यासाठी तर बाकीचे देऊळ! वेरूळला कैलास लेणे घडवणाऱ्यांनी डोंगरातून दगड काढून टाकला, तेव्हा कुठे देव दिसला. बाईंच्या दगडांसमोर उभा राहिलो, तेव्हा मला हाच दुसरा शब्द आठवला. त्यांनी दगडातून जे काढून टाकले, ते कमी झालेले वाटत नाही. तिथे कोणीतरी येऊन बसेल, असे वाटते.

आता पिशव्यांकडे येऊ. पहिला मुलगा पॉल १९२९ साली झाला. ते लग्न टिकले नाही. बेन निकल्सन या चित्रकाराशी सूर जुळला आणि ऑक्टोबर १९३४ मध्ये बाईंना एकदम तिळे झाले: एक मुलगा, दोन मुली. घरात पैसा नाही आणि पाळण्यात तीन जीव! काही काळ त्या बाळांना बालसंगोपनाचे शिक्षण देणाऱ्या संस्थेत ठेवावे लागले. कोणी यावर नाक मुरडले तर मुरडो. पण नाक मुरडणाऱ्याने बाप काय करीत होता, हेही विचारावे. थोड्याच दिवसांत बाईंनी पुन्हा छिन्नी हातात घेतली. १९३५ साली त्यांनी पांढऱ्या संगमरवरात तीन आकार घडवले: एक चेंडूसारखा गोल, दोन लांबट, तिघांत मोजूनमापून अंतर. तीन बाळे आणि तीन दगड असा सरळ हिशेब मांडायचा मोह होतो, तो आवरावा. पण एकमेकांपासून किती अंतरावर राहिले म्हणजे तिघे एकमेकांचे राहतात, हा प्रश्न त्या दगडांत आहे खरा.

महायुद्ध सुरू व्हायला आठवडाभर उरला असताना हे कुटुंब कॉर्नवॉलला मित्राच्या घरी आले. नंतरची काही वर्षे दिवसा लहान मुलांची शाळा चालवायची, परसात भाजी पिकवायची, आणि घर निजले की रात्री चित्रे काढायची. दगडाला जागाच नव्हती. रोज थोडे तरी काम झालेच पाहिजे, मध्यरात्री का होईना, असा बाईंचा नेम होता. पुढे कार्बिस बे इथे समुद्र दिसणारे घर मिळाले आणि १९४६ साली ‘पेलागॉस’ हे लाकडी शिल्प झाले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ समुद्र. लाटेसारखा वळलेला आकार, आतून फिकट निळा रंगवलेला आणि त्या पोकळीवर वीणेसारख्या ताणलेल्या तारा. समुद्र, वारा, डोंगर आणि आपण यांच्यामध्ये जो ताण जाणवतो, तो म्हणजे या तारा, असे त्या सांगत.

तिळ्यांपैकी सारा हिला हाडाचा दुर्धर आजार झाला. त्या दुखण्यात नॉर्मन कॅपनर या शल्यवैद्याची ओळख झाली आणि त्याने बाईंना शस्त्रक्रिया पाहायला बोलावले. आपण असतो तर तोंड फिरवले असते. या बाई वही घेऊन गेल्या. १९४७ ते १९४९ या काळात त्यांनी पुष्कळ चित्रे काढली. चित्रांत रक्त नाही. तोंडावर फडकी बांधलेली माणसे, त्यांचे डोळे आणि त्यांचे हात, एवढेच. शल्यवैद्य आणि शिल्पकार या दोघांचेही काम हाताने चालते, हे त्या आईला तिथे दिसले.

१९५१ साली निकल्सनशीही काडीमोड झाला. तोवर बाई भिंतीपलीकडे राहायला आल्या होत्या. आज आपण तिकीट काढून आत जातो आणि जिना चढून एका उजेडाच्या खोलीतून बागेत उतरतो. बाग लहानच आहे. त्या दमट, उबदार हवेत ताडाच्या जातीची झाडे आहेत, बांबू आहे, आणि मधून मधून काशाची आणि दगडाची शिल्पे. एका बाजूला कोरीवकामाच्या शेडी. तिथे हत्यारे ओळीने मांडलेली, कामाचे कपडे खुंटीला टांगलेले, अर्धवट दगड जिथल्या तिथे. पलीकडे दुपारी घटकाभर पडण्यासाठी एक लहानशी पांढरी खोली आहे. तिच्यात साधा बिछाना. घर, कारखाना आणि बाग एकाच अंगणात! आपल्या वाड्यांत हे नवलाचे नव्हते. युरोपात ते पाहून बरे वाटले.

त्याच टेकडीच्या पायथ्याशी, बंदराला लागून, गावचे जुने चर्च आहे. बागेत येणाऱ्यांपैकी थोडेच तिथे जातात. त्यांनी जावे. फेब्रुवारी १९५३ मध्ये पॉल, ब्रिटिश हवाई दलातला वैमानिक, थायलंडमध्ये विमान कोसळून गेला. वय तेवीस. वर्षभराने बाईंनी या चर्चला एक शिल्प दिले: आई आणि मूल. वीस वर्षे ज्यांनी माणसाचा चेहरा फारसा कोरला नव्हता, त्यांनी इथे मात्र सरळ आई कोरली आणि तिच्याजवळ तिचे मूल. कला कोणत्या पंथाची वगैरे प्रश्न तिथे सुचत नाहीत. मी आमच्या सौभाग्यवतीकडे पाहिले. ती बाकावर बसून राहिली होती. आम्ही बऱ्याच वेळाने बाहेर आलो.

दुःखाने खचलेल्या बाईंना एक मैत्रीण १९५४ साली ग्रीसला घेऊन गेली. परत येतात तो नायजेरियातून ग्वारिया नावाच्या सुवासिक लाकडाचे प्रचंड ओंडके येऊन पडले. सारे मिळून १७ टन! सेंट आइव्ह्जच्या बोळांतून ते आणायचे म्हणजे लग्नाचा हत्ती खिडकीतून घरात घेण्यातला प्रकार. त्या ओंडक्यांतून बाईंनी ग्रीसच्या गावांची नावे दिलेली शिल्पे घडवली. बाहेरून तांबूस तपकिरी, गुळगुळीत. आत खोल, वळत जाणारी पोकळी आणि ती पांढऱ्या रंगाने उजळलेली. पुत्रशोकानंतर कोरलेल्या या पोकळ्या अंधाऱ्या नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग कीर्ती आली. १९५९ साली साओ पाउलोचे मोठे पारितोषिक मिळाले, १९६५ साली ‘डेम’ हा किताब. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड बाईंचे स्नेही. त्यांच्याजवळ बाईंचे चंदनी लाकडातले एक शिल्प होते. चंदन म्हटल्यावर आपले कान टवकारतातच. सप्टेंबर १९६१ मध्ये हॅमरशोल्ड आफ्रिकेत विमान अपघातात गेले. पुन्हा विमान! त्यांच्या स्मरणार्थ बाईंनी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीसमोर काशाचा २१ फूट उंच एकसंध आकार उभा केला आणि त्याच्या वरच्या अंगाला एक वाटोळे भोक ठेवले. जून १९६४ मध्ये त्याचे अनावरण झाले. एवढ्या कामाला बाग पुरेना, म्हणून त्यांनी समोरचे जुने नाचघर विकत घेतले होते.

अखेरची वर्षे आजारपणात गेली. कर्करोग झाला, मांडीचे हाड मोडले, तरी काम चालूच. २० मे १९७५ रोजी रात्री ट्रेविन स्टुडिओत आग लागली आणि तीत बाईंचा अंत झाला. वय बहात्तर. आग सिगारेटीमुळे लागली असे मानतात. पुढच्याच वर्षी कुटुंबीयांनी, बाईंच्या इच्छेला मान देऊन, घर आणि बाग लोकांसाठी उघडली. १९८० पासून ती टेट संग्रहालयाच्या ताब्यात आहे. जन्मगावी, वेकफील्डलाही, २०११ साली त्यांच्या नावाचे सुंदर संग्रहालय झाले. जमल्यास तेही पाहावे. पण आधी इथे यावे.

बागेच्या एका कोपऱ्यात १९६६ सालचे एक मोठे काशाचे शिल्प आहे. एकावर एक रचलेल्या चार चौकटी, प्रत्येकीत मोठे वाटोळे भोक. माणसाने त्यातून चालत जावे, याच हेतूने ते घडवले. आम्ही गेलो त्या दिवशी एक चार-पाच वर्षांची मुलगी त्या भोकातून आपल्या आईला न्याहाळत होती आणि आई दुसऱ्या बाजूने तिला. दोघींच्या मध्ये शे-दोनशे मणांचे कासे असेल. पण दोघींना ते दिसतच नव्हते. आईच्या हातात बाजाराची पिशवी होती.