तुटक रेघ

आमच्या लहानपणी प्रश्नाचे उत्तर आले नाही, की गुरुजी एकच शब्द उच्चारीत : "दगड!" तो शब्द पुष्कळदा माझ्या वाट्याला आला आहे. दगड म्हणजे ज्याला काही कळत नाही आणि जो काही बोलत नाही असा, हीच माझी समजूत होती. ती समजूत कशी गेली, हे शाळेच्या या वार्षिक अंकात सांगावे असे फार दिवस मनात होते. कारण ती जाण्याची सुरुवात घरच्या एका कोरड्या विहिरीपाशी झाली, आणि शेवट शाळेने शिकविलेल्या एका रेघेपाशी झाला.

निपाणीपासून थोड्या अंतरावर, वेदगंगेच्या खोऱ्यात आमचे खेडे आहे. भोवताली काळी जमीन, तीत पावसावरची तंबाखू आणि जोंधळा. गावाच्या एका अंगाला माळ चढत जातो. त्या माळाच्या उतारावर आमचे रान असून त्याचे खालचे टोक ओढ्याला टेकलेले आहे. मी सातवीत होतो, त्या उन्हाळ्यात आबांनी विहीर काढण्याचे ठरविले. पाणी पाहण्यासाठी एक पाणाड्या आला. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो रानभर फिरला. माळाकडच्या बाजूस एका ठिकाणी नारळ उभा राहिला. त्याने तेथे टाचेने जमिनीवर ठसठशीत रेघ ओढली आणि म्हणाला, "पाच परसांवर बैलाच्या मानेएवढी धार हाय."

काम सुरू झाले. हातभर माती, मग मुरूम, आणि मग काळा कातळ. सुरुंग लागले, दारूचा खर्च वाढला. विहिरीच्या कामावर एक वृद्ध मुकादम होते. सारे गाव त्यांना मामा म्हणे. चौथ्या परसाला त्यांनी पहार आपटली, कान देऊन ऐकले आणि आबांना म्हणाले, "आबा, ह्यो कातळ खणखणतोय. खणखणतो त्यो कोरडा. हितं थांबा, खाली वढ्याकडंला बगा." परंतु रेघ ओढलेली होती, आणि माणसाला ओढलेल्या रेघेवरून मागे फिरणे जड जाते. सहा परस झाले. आईच्या हातातल्या पाटल्या निपाणीच्या बाजारात गेल्या. पाणी मात्र आले नाही. त्या रात्री आबा विहिरीच्या काठावर बसून होते. आई त्यांना जेवायला बोलवायला गेली, तेव्हा ती काही बोलली नाही. तिने केवळ रिकामे हात पदराखाली घेतले. ते दृश्य मी विसरलेलो नाही.

पुढच्या वर्षी मी बेळगावला मावशीकडे राहून हायस्कूलमध्ये जाऊ लागलो. आमचे भूगोलाचे सर नकाशा भिंतीवर टांगण्याआधी, तो कोणी व कसा काढला हे सांगत. एकदा त्यांनी विल्यम स्मिथची हकीकत सांगितली. हा इंग्लंडमधील एका लोहाराचा मुलगा. वडील लवकर वारले; विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नाही. जमिनीची मोजणी हा त्याचा धंदा. कोळशाच्या खाणींत उतरताना आणि कालव्यांसाठी जमीन खोदली जात असताना त्याच्या ध्यानात आले की, खडकांचे थर ठरावीक क्रमाने एकावर एक असतात, आणि प्रत्येक थरात विशिष्ट शिंपल्यांचे व प्राण्यांचे दगड झालेले अवशेष सापडतात. त्या खुणांवरून दूरच्या दोन गावांतला थर एकच आहे की नाही, हे ओळखता येते. देशभर वर्षानुवर्षे पायपीट करून त्याने १८१५ साली इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा खडकांचा रंगीत नकाशा प्रसिद्ध केला. पुढे कर्जापायी त्याला तुरुंगही पाहावा लागला. विद्वानांच्या संस्थेने त्याचा सन्मान केला, तो १८३१ साली. मला त्या गोष्टीत आमचे मुकादम मामा दिसले. त्यांचेही ज्ञान हातातून आणि कानातून आलेले होते. फक्त ते कोणी कागदावर उतरविले नव्हते.

सरांनी पुढे सांगितले की, १८३५ साली ब्रिटनमध्ये खडकांच्या पाहणीचे सरकारी खाते सुरू झाले. आयर्लंडमध्ये असे काम केलेले थॉमस ओल्डहॅम १८५१ साली कलकत्त्यास आले, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण उभे राहिले. १८५८ साली त्या खात्यात रॉबर्ट ब्रूस फूट नावाचा तरुण दाखल झाला. मद्रासजवळ पल्लावरम येथे १८६३ साली आदिमानवाची दगडी हत्यारे ओळखणारा तो हाच. त्यानेच आपला हा मुलूख, म्हणजे त्या वेळच्या इंग्रजी कागदपत्रांतला दक्षिण मराठा देश, पिंजून काढला आणि १८७६ साली त्यावरचा ग्रंथ सिद्ध केला. गोकाकजवळ एका नाल्याच्या गाळात त्याला गेंड्याचे दगड झालेले अवशेष मिळाले होते. आपल्या ओढ्यांकाठी कधी काळी गेंडे फिरत होते, हे ऐकून सारा वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीआधी आमची सहल गोकाकच्या धबधब्याला गेली. सहल म्हणजे डबा आणि झुलता पूल, एवढीच आमची अपेक्षा. सरांच्या हातात मात्र हातोडी, होकायंत्र, भिंग आणि वही होती. बेळगावातच त्यांनी आम्हांला एका जुन्या भिंतीपाशी उभे केले. तांबडा, भोकाभोकांचा जांभा दगड. पावसाने आणि उष्णतेने मूळचा खडक कुजून, त्यातील इतर द्रव्ये धुपून जाऊन, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, म्हणजे असा दगड होतो. ओला असताना तो कुऱ्हाडीने तासता येतो आणि वाऱ्यावर कठीण होतो. बुकानन या प्रवाशाने मलबारात तो पाहून १८०७ साली त्याला नाव दिले, ते विटेच्या लॅटिन शब्दावरून.

पुढे वाटेत काळा खडक लागला. हा आपल्या सह्याद्रीचा खडक. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडून तप्त रस पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरांवर थर साचले. आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर हे थर पसरलेले आहेत. स्कॉटलंडजवळच्या स्काय बेटावर आणि आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर, जेथे दगडाचे षट्कोनी खांब समुद्रात उतरत गेले आहेत, तेथेही असाच, याहून थोडा अलीकडचा काळा खडक आहे. आणि मग गोकाक! घटप्रभा जेथे सुमारे ५२ मीटर खाली झेप घेते, तेथला कडा तांबूस वालुकाश्माचा. हातोडीने फोडलेल्या कपारीत वाळूचे कण भिंगाखाली चमकत होते. एका फरशीवर लाटांच्या बारीक वळ्या जशाच्या तशा उमटलेल्या होत्या. आजच्या आज एखाद्या उथळ किनाऱ्यावरचे पाणी ओसरले असावे, अशा! फूटने या खडकांना विजापूरकडच्या कलादगी गावाचे नाव दिले. ते काळ्या खडकाहून कितीतरी पटींनी जुने, अब्जभर वर्षांच्या घरातले. आणि त्यांच्याही खाली, त्यांहून पुरातन असा पट्टेदार पाषाण. एका दिवसाच्या एसटी प्रवासात आम्ही एवढा काळ ओलांडून आलो होतो.

परतताना सरांनी वहीत तीन रकाने आखण्यास सांगितले : पाहिले, ऐकले, अंदाज. म्हणाले, "पाहणी करणारा प्रत्येक शेत खोदून बघू शकत नाही. ओढ्याची दरड, रस्त्याचा कापलेला डोंगर, विहीर, खाण, जेथे खडक उघडा असेल तेथे तो जातो. कोणता दगड, थर कोणत्या दिशेला किती कलला आहे, हे टिपतो. मधल्या जमिनीखाली काय आहे, ते त्याला ताडावे लागते. म्हणून नकाशात एक शिस्त आहे. सीमा डोळ्यांनी पाहिली, तेथे सलग रेघ. ताडली, तेथे तुटक रेघ. ज्याच्या नकाशात एकही तुटक रेघ नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नये."

माझ्या डोळ्यांपुढे टाचेने ओढलेली ती ठसठशीत रेघ उभी राहिली.

दिवाळीत घरी गेलो, तो वही आणि फूटपट्टी घेऊनच. गवंड्याकडून पाण्याची नळी मागून आणली. तिने दोन ठिकाणच्या जमिनीची उंची ताडून पाहता येते. गावात अकरा विहिरी होत्या. प्रत्येकीच्या मालकाला विचारले, दोरीला दगड बांधून खोली मोजली, पायऱ्यांच्या विहिरींत उतरून थर पाहिले. लोक हसत. मुकादम मामा मात्र दुसऱ्या दिवसापासून माझ्याबरोबर फिरू लागले. मी विचारी आणि ते सांगत : वर घट्ट कातळ, त्याखाली हातभर तांबडा गेरू, त्याखाली बारीक भोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, आणि पाणी त्या मांजऱ्यात. आमच्या काळ्या खडकात स्मिथचे शिंपले नाहीत. पण शिंपल्याचे काम गेरूच्या थराने केले. एक रस वाहून थिजल्यावर त्याचा वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र होतो आणि उघड्यावर झिजून भुसभुशीत होतो. त्यावर तांबडी माती तयार होते. मग दुसरा रस तिच्यावरून वाहतो आणि तिला भाजून काढतो. तीच ही गेरूची पट्टी. उंचीचा हिशेब मांडला, तेव्हा विहिरी निरनिराळ्या खोलीच्या असूनही गेरू बहुतेक सर्वत्र एकाच पातळीत निघाला. ओढ्याच्या दरडीत, आमच्या रानापासून दोनशे पावलांवर, तो उघडाच होता, आणि त्याच्या खालून पाणी पाझरत होते.

आमच्या कोरड्या विहिरीचा उलगडा आता सोपा होता. ती घट्ट कातळाच्या पोटात थांबली होती. गेरू तिच्या तळाखाली अजून दोन परस असावा. रानाच्या खालच्या टोकाला मात्र तो अवघ्या दोन परसांवर यावयास हवा होता.

मी नकाशा आबांपुढे ठेवला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी ओढ्याकडच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "इथं पाणी लागंल?"

त्या क्षणी मला "होय" म्हणावेसे फार वाटले. आईच्या हातांकडे पाहिले असते, तर मी तसे म्हटलेही असते. पण मी म्हणालो, "आबा, दरडीत गेरू मी पाहिलाय, म्हणून तिथं सलग रेघ आहे. आपल्या रानात तो दिसत नाही. इथं रेघ तुटक आहे."

"म्हंजी लागंल बी, न बी लागंल."

"होय. पण खणायचं थोडंच आहे, आणि तीन परसांपर्यंत मांजऱ्या लागला नाही, तर थांबायचं."

आबा हसले. पुष्कळ महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिले. म्हणाले, "थांबायचं कुठं हे सांगणारा तू पैला न्हाईस. मामांनी सांगितलं हुतं. मीच ऐकलं न्हाई."

त्या उन्हाळ्यात घरच्या माणसांनी आणि मामांनी मिळून ती विहीर काढली. गेरू माझ्या अंदाजाप्रमाणे दोन परसांवर लागला नाही. अडीच परसांवर लागला. तो अर्धा परस खणताना आमच्यापैकी कोणी बोलत नव्हते. साडेतीन परसांवर मांजऱ्यातून पाणी आले. ते बैलाच्या मानेएवढे नव्हते, आणि बाराही महिने टिकले नाही. होळीच्या पुढे ते तळाला जाई. परंतु गुरांना, चार वाफे भाजीला आणि घराला ते पुरले. मी वहीत 'अंदाज' या रकान्यातील 'दोन' खोडून 'पाहिले' या रकान्यात 'अडीच' लिहिले. आईच्या पाटल्या पुढे तीन वर्षांनी झाल्या. त्या जुन्यांपेक्षा हलक्या होत्या.

या गोष्टीला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. मामा गेले, आबाही गेले. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे आता घरबसल्या संगणकावर पाहता येतात. माणसांनी आखलेल्या सीमा या मुलखाने पुष्कळ पाहिल्या : १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत आम्ही मुंबई राज्यात, मग म्हैसूर राज्यात, आणि १९७३ पासून त्याच राज्याचे नाव कर्नाटक. खडकांच्या सीमा फूटने पाहिल्या त्याच जागी आहेत. नव्या पाहणीने त्यांतल्या कित्येक तुटक रेघा सलग केल्या, काही पुसल्या.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गावातही विहिरी, दरडी आणि खाणी आहेत, आणि त्या खोदलेली वृद्ध माणसे अजून आहेत. सुट्टीत त्यांच्याकडे वही घेऊन जा. तीन रकाने आखा. आणि पुढे आयुष्यात कोणी आशेने तुमच्या तोंडाकडे पाहत "नक्की का?" असे विचारील, तेव्हा जेथे पाहिले नसेल तेथे रेघ तुटकच ठेवा. माझ्या आबांनी आयुष्यात दोन रेघांवर विहिरी खणल्या. पाणी तुटक रेघेवर लागले.