मनगट की चाळणी?

ईशान्य व्हिक्टोरियातल्या रीडी क्रीकच्या गाळात सोन्याबरोबर कथलाचं खनिजही येतं, आणि सोनं धुण्याचा पॅन हलवणाऱ्याची कसोटी तिथेच लागते. दाणेदार सोनं कुणालाही दिसतं. पिठासारखं सोनं शेवटच्या चिमूटभर काळ्या वाळूत दडून राहतं. ते निसटलं की आम्ही मनगटाला दोष देतो, सापडलं की मनगटाचेच गोडवे गातो. मला दोन्ही पटत नाही. सोन्याची घनता 19.3, काळ्या वाळूतल्या मॅग्नेटाइटची सुमारे 5.2. पाण्याची घनता वजा केली की उरतात 18.3 आणि 4.2, म्हणजे चौपटीहून थोडा जास्त फरक. पण अगदी बारीक कणाचा बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गानुसार वाढतो. म्हणून सोन्याच्या जेमतेम दुप्पट व्यासाचा मॅग्नेटाइटचा कण त्याच्याबरोबरच तळाला बसतो. कथलाच्या खनिजाला तर पावणेदोन पट पुरते. त्यात सोन्याचा कण बहुधा चपटा, तो आणखी रेंगाळतो. एकाच वेगाने बसणारे कण मनगट वेगळे कसे करणार? आधी चाळून आकार सारखे केले, तरच वजनाचा फरक कामाला येतो.

लोहचुंबक फिरवा, असं कुणी सांगेल. पण चुंबक कथलाच्या खनिजाला उचलत नाही, आणि ओल्या वाळूचा गोळा उचलताना सोन्याचे कणही ओढून नेतो. जुने खाणकरी कुठे चाळत बसले होते, असंही विचारतात. 1851 नंतरच्या सोन्याच्या धांदलीत वापरलेल्या लाकडी पाळण्याला वर भोकांचा पत्रा होताच. बारीक सोन्यासाठी ते पारा वापरत, जो आज शहाणा माणूस ओढ्यात नेणार नाही. एवढं करूनही त्यांनी टाकलेली रेती चिनी खाणकऱ्यांनी पुन्हा धुतली आणि सोनं काढलं. (सराफांच्या दारची धूळ धुणारे आपले झारेकरीही याच पेचात असतात, कारण दख्खनच्या काळ्या दगडाच्या धुळीतही मॅग्नेटाइट असतंच.)

याचा हात थरथरायला लागला म्हणून हा चाळणीची वकिली करतो, या टोमण्यात तथ्य आहे. स्थिर हात असताना मी हे गणित मांडायला बसलो नसतो. चाळणाऱ्याकडे कुणी पाहत नाही. पॅनमध्ये सोन्याची रेघ उमटवणारा हात सगळे पाहतात, आणि त्यांनी तो पाहावा ही हौस मला आजही आहे. गणित मात्र तरुण हातालाही तेच लागू पडतं.

तेव्हा काळी वाळू ओढ्यात परत टाकू नका. घरी न्या, वाळवा, पाव मिलिमीटरच्या आणि मग त्याच्या निम्म्या जाळीतून काढा, आणि प्रत्येक वाटा वेगळा धुवा.