मेडन

एकही शर्यत न जिंकलेल्या घोड्याला रेसच्या भाषेत 'मेडन' म्हणतात. म्हणजे कुमारिका! मग तो घोडा कितीही दांडगा नर असो. पहिली शर्यत मारेपर्यंत हे लाजरं बिरुद काही त्याच्या नावामागून हटत नाही.

आमच्या शहरात रेसकोर्स नाही. पण एके काळी हे शहर निजामाच्या राज्यात होतं, आणि निजामाच्या हैदराबादेत १८८६ साली शर्यती मलकपेठेला आल्या. तिथली हवा वडिलांकडून लागलेले एक चाचा शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्याजवळ चहाचं दुकान चालवतात. पैसा लावत नाहीत. नुसता अभ्यास करतात. त्यातही मेडनांवर त्यांचा फार जीव. "जिंकलेल्या घोड्याला कोणीही ओळखतो, मियाँ!"

"चाचा, हा तीनदा पळाला. सातवा, सहावा, चौथा. यात काय बघायचं?"

"अरे, चढतोय तो! पहिल्यांदा गेट उघडलं, बावरला. बच्चा है! दुसऱ्यांदा बाहेरची जागा मिळाली, वळणावर जास्त पळावं लागलं. तिसरी शर्यत हजार मीटरची. याचा बाप लांब पल्ल्याचा. बाकीचे दमले तेव्हा हा पुढे येत होता. याला चौदाशे मीटर द्या, मग बघा."

हा अभ्यास हसण्यावारी नेऊ नका. घोड्यांची शर्यत हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानंच १९९६ साली दिला. तोवर हरणारा माणूस कमनशिबी होता. त्या दिवसापासून तो अडाणी ठरला.

अर्थात प्रत्येक मेडनाचे दिवस पालटतातच असं नाही. जपानची हारू उरारा ही घोडी ११३ शर्यती पळाली आणि ११३ हरली. २००४ साली युताका ताकेसारखा नामांकित जॉकी तिच्यावर बसला, तरी ती अकरांत दहावी! पण लोक तिची तिकिटं ताईतासारखी जपत. तिचं तिकीट कधी लागत नाही, तेव्हा ते जवळ असलं की मोटारीचा धक्काही लागणार नाही!

हे ऐकून चाचा हसले नाहीत. आत कपबश्या विसळणाऱ्या नातवाकडे बघत म्हणाले, "आमच्या घरी पण एक आहे. सरकारी परीक्षेला तीनदा बसला. तीनही बार फेल. आता दुकानच सांभाळ म्हटलं."

मी पोराला निकाल विचारला. पहिल्या वर्षी पूर्वपरीक्षाच गेली. दुसऱ्या वर्षी ती सुटली, मुख्य गेली. तिसऱ्या वर्षी मुख्य परीक्षेत चार गुणांनी हुकलं.

"चाचा," मी म्हटलं, "सातवा, सहावा, चौथा."

चाचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नातवाला त्यांनी नखशिखांत न्याहाळलं. पाय तर जरा जास्तच वेळ.

"बाप याचा लांब पल्ल्याचाच होता," ते पुटपुटले. मग आत ओरडले, "रख वो कपबशी! जा, किताब उघड!"

त्या दिवशी माझ्या चहाचा कप मलाच विसळावा लागला.