चंचीला अडकवलेला दारुमा

टेंभुर्णी म्हटलं की लोकांना सोलापूरकडची आठवते. आमची टेंभुर्णी जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. दोन वर्षं तोक्योत नोकरी करून मी घरी आलो तेव्हा बॅगेत सगळ्यांसाठी चॉकलेटं होती, दादांसाठी रक्तदाब मोजायचं यंत्र होतं आणि मोज्यात गुंडाळलेला एक लाकडी माणूस होता.

माणूस अंगठ्याएवढा. दाढीवाला, अंगावर सैल वस्त्र, दोन्ही हात डोक्यावर ताणून जांभई देणारा. तोंड इतकं उघडलेलं की आतली जीभ दिसते. एका देवळाच्या आवारात भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात तो मिळाला. विकणाऱ्या म्हाताऱ्यानं दीडशे वर्षांचा सांगितला. या बाजारात नव्याला चहाच्या पाण्यात बुडवून जुनं करणारेही असतात, पण याची पाठ आणि पोट झिजून गुळगुळीत झाले होते, आणि घडी पडलेल्या कपड्याच्या आतल्या रेषा मात्र अजून धारदार होत्या. हात जिथं लागतो तिथंच झीज. म्हणून घेतला.

याला नेत्सुके म्हणतात. किमोनोला खिसा नसतो. मग जपानी पुरुष पैशाची पिशवी, तंबाखूचा बटवा किंवा औषधाची डबी दोरीला बांधत, दोरी कमरपट्ट्याच्या आतून वर काढत आणि वरच्या टोकाला हे नेत्सुके अडकवत, म्हणजे पिशवी खाली घसरत नाही. काम एवढंच, गुंडीचं. पण सतराव्या शतकापासून पुढं कारागिरांनी या गुंडीत उंदीर, भुतं, कोळी, पैलवान, साधू, सगळं जग कोरून ठेवलं. हस्तिदंतात आणि लाकडात. माझं त्सुगे नावाच्या झाडाचं आहे. पिवळसर, घट्ट लाकूड. तिकडे त्याच्या फण्याही करतात. पुढे 1868 नंतर मेइजी काळात कोट-पँट आली, कोटाला खिसे आले, आणि नेत्सुके कमरेवरून उतरून युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या कपाटांत गेली.

जांभई देणारा हा साधू म्हणजे दारुमा. म्हणजे धर्म. म्हणजे बोधिधर्म, दक्षिण भारतातून चीनला गेला असं परंपरा सांगते तो. नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला. डोळा लागला म्हणून चिडून त्यानं पापण्या कापून फेकल्या आणि त्या पडल्या तिथं चहाची झाडं उगवली, अशी दंतकथा. नऊ वर्षांनी उठताना जो आळस दिला असेल, तो या कारागिरानं कोरलाय. ज्याच्यापुढे वाकायचं त्यालाच जांभई देताना कोरायचं, ही तिथली रीत मला फार आवडली होती.

दादांना आवडली नाही.

आमच्या घरी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली शोकेस. मी तो शोकेसमध्ये ठेवला. दादा निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाले, "पापण्यांची झाडं होतात काय? चमत्कार सोडायला सत्तर वर्षं होत आली, आणि तू परदेशातून चमत्कार घेऊन आलास."

मी म्हटलं, हा बौद्धच आहे. ते म्हणाले, "भोकरदनला बघ की. शेजारचा तालुका. तिथल्या खोदकामात हस्तिदंताची बाई सापडली, पाँपेईत सापडली तसलीच. तेव्हाचं भोगवर्धन ते. तिथल्या माणसांनी सांचीच्या स्तूपाला दान दिलंय, नावं कोरलीत दगडावर. ते सोडून हा आळशी बुवा." दादा वर्गात असल्यासारखे बोलायला लागले की घरातले बाकीचे उठून जातात. मीही उठलो. पण त्यांचं खरं म्हणणं ते नव्हतं. रात्री जेवताना ते निघालं. "लहानसा देव घरात शिरला की त्याच्यामागं देव्हारा येतो," ते म्हणाले.

तेव्हा आजी बोलली. दादांची आई. तिचं लग्न झालं ते धर्मांतराच्या आसपास. 1956 च्या ऑक्टोबरात नागपूरला आमच्या घरातलं कोणी गेलं नव्हतं. आमच्याकडे दीक्षा नंतर पोचली. त्यानंतर घरातले पितळी टाक विहिरीत सोडले, ही गोष्ट मी लहानपणापासून अभिमानाची म्हणून ऐकत आलोय. दादा वर्गातही सांगायचे. आजीनं त्या रात्री पहिल्यांदाच त्यातला एक तुकडा सांगितला.

"सासूनं आधी आंघोळ घातली त्यांला," ती म्हणाली. "कोमट पान्यानं. मंग फडक्यात बांधले. मामंजी नेऊन सोडून आले. लई दिवस ती त्या हिरीचं पानी नव्हती पेत."

कोणीच काही बोललं नाही. दादा ताटात भाकरी कुस्करत राहिले. मला तिकडचं वाचलेलं आठवत होतं: त्याच 1868 च्या सुमारास जपानात शिंतो देवळांतून बौद्ध मूर्ती बाहेर काढल्या, जाळल्या, विकल्या. त्यांनाही कुणी आंघोळ घातली असेल का? बोललो नाही. दादांना ते मी घेतलेल्या बाजूसारखं वाटलं असतं, आणि मी कुठल्याच बाजूला नव्हतो. विहिरीत टाक सोडले नसते तर दादा शिक्षक आणि मी तोक्योत, हे कुठून झालं असतं?

सकाळी आजीनं दारुमा मागितला. डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट केला. "नाव काय म्हनलास?"

"दारुमा."

"दारू मा?" मग ती बराच वेळ हसली. खालची दोन भोकं तिला सापडली तेव्हा मी दोरीचा प्रकार समजावला. ऐकता ऐकताच तिनं कमरेची चंची काढली. तीच ती, कप्प्याकप्प्यांची, पान, सुपारी, चुना, तंबाखू. चंचीची नाडी भोकांतून ओवली, लुगड्याच्या कमरेच्या घोळातून वर घेतली आणि दारुमा वर अडकवला. उठून चार पावलं चालली. चंची हलली, पडली नाही.

"देवाला भोक कशाला पाडत्यात?" ती दादांना म्हणाली. "गुंडी हाय ही."

दादांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही.

आता मी पुण्यात असतो. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीनं तक्रार केली की बुवाच्या तोंडात तंबाखू भरते. मग कॅमेरा हलला. दादा ओट्यावर उन्हात बसले होते, चष्मा नाकावर, दारुमा चिमटीत, आणि काडेपेटीच्या काडीनं त्याची जीभ साफ करत होते.