साइड बी

भंगारवाल्यानं पितळ घेतलं, रद्दी घेतली, बिघडलेला मिक्सरसुद्धा घेतला. कॅसेटींचं खोकं मात्र त्यानं पायानं बाजूला सारलं. “याचं काही येत नाही, ताई.” आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे, माळे रिकामे करायचे होते. खोकं उघडलं आणि जुन्या प्लॅस्टिकचा, डांबरगोळ्यांचा तो वास आला. मी तिथेच धुळीत बसले, निळ्या शाईतलं वडिलांचं अक्षर शोधत. ‘आई – ओव्या.’ साइड बी.

१९८७ची दिवाळी. वडिलांनी नवा टू-इन-वन घेतला होता आणि तो जुन्नरकडच्या आमच्या गावी नेला होता. गिरणी गावात केव्हाच आली होती, जातं लग्नाच्या हळदीपुरतं उरलं होतं. तरी त्यांनी आजीला जात्यावर बसवलं, कारण नुसतं बसून तिला ओव्या आठवेनात. खुंटा हातात आला, पाळू फिरायला लागली आणि मग ओवीमागून ओवी येत गेली. भावाची, माहेरच्या वाटेची, विठ्ठलाची. टेप तिच्या गुडघ्याशी ठेवला होता. साइड संपल्यावर वडिलांनी कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही चिमुकल्या पट्ट्या सुरीच्या टोकानं तोडून टाकल्या, म्हणजे तिच्यावर कुणाला दुसरं काही भरता येणार नव्हतं.

तरी भरलं. आमच्याच एका नातेवाइकानं त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि साखरपुड्यासाठी सिनेमाची गाणी भरून घेतली. “त्यात नुसती घरघर तर होती,” असं तो म्हणाला. वडील काही बोलले नाहीत. मी आजही त्याच्याशी कामापुरतंच बोलते, आणि हा राग मला सोडायचाही नाही.

कॅसेट ज्यांनी घडवली ते लू ओटन्स फिलिप्सच्या बेल्जियममधल्या हॅसेल्टच्या कारखान्यात काम करत. कोटाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा त्यांनी करून घेतला आणि यंत्र याच मापाचं हवं असं सांगितलं. १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट जगासमोर आली. फिलिप्सनं तो साचा इतर कंपन्यांना फुकट वापरू दिला, अट एवढीच की मापं बदलायची नाहीत. म्हणून जपानमध्ये बनलेली कोरी कॅसेट जुन्नरकडच्या टेपमध्ये बसली. त्याच मोकळीकीमुळे पुढे आपल्याकडे प्रल्हाद शिंद्यांचा आवाज एसटी स्टँडवरच्या टपरीपर्यंत पोचला. तो लाकडी ठोकळा हरवला, म्हणतात. गाडीचं चाक बदलताना ओटन्सनी तो जॅकखाली ठेवला आणि तो तिथेच राहिला. त्याची त्यांना फारशी खंत नव्हती. पुढे सीडीच्या कामातही त्यांचा वाटा होता, आणि आवाज स्वच्छ हवा तर सीडीच, असं त्यांचं ठाम मत होतं. २०२१च्या मार्चमध्ये, ९४ वर्षांचे होऊन ते गेले.

एवढ्या मोठ्या माणसाचं हे मत मला मान्य नाही. मला ती घरघरच हवी आहे.

आणि ती थोडी शिल्लक आहे. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या गतीनं सरकते. भरताना ती आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते, मग भरणाऱ्या हेडवरून. त्यामुळे भरणं थांबवलं की दोन हेडांमधला तुकडा पुसलेलाच राहतो, आणि त्याच्या पुढचं जुनं जसंच्या तसं असतं. आमच्या कॅसेटवर शेवटचं गाणं मध्येच तुटतं. खट् होतं. क्षणभर काहीच नाही. मग एकदम जातं, आणि अर्ध्या ओळीतून वर येणारा आजीचा आवाज, थोडा दमलेला. ओवी पुरी होते, पाळू थांबते, बांगड्या खाली सरकल्याचं ऐकू येतं आणि ती विचारते, “आलं का रं त्यात?” वडिलांचं उत्तर यायच्या आत फीत संपते.

लहानपणी मी तेवढंच रिवाइंड करून करून ऐकायची. पुढे टेप बिघडला, माझं लग्न झालं, कॅसेट माळ्यावर गेली.

हेमा राईरकर आणि गी पॉइतेव्हाँ यांनी पुण्यातून ऐंशीच्या दशकात जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या. गावोगावच्या बायकांच्या लाखाहून जास्त ओव्या त्यांच्या कामातून लिहिल्या गेल्या, पुढे अनेकींचे आवाजही नोंदले गेले. ‘पारी’ या संकेतस्थळावर आज त्या वाचता-ऐकता येतात. त्यात मी आजी शोधली. ती नाही. पण तिच्याच चालीत गाणाऱ्या कितीतरी बाया आहेत, आणि प्रत्येकीचं नाव, गाव लिहिलेलं आहे. मला सगळ्यात जास्त भरून आलं ते त्या नावांनी. आजीचं नाव आमच्या कॅसेटवर नाही. वडिलांना ती आई होती, त्यांनी ‘आई’ लिहिलं. तिचं नाव अनसूया होतं.

तुमच्याही माळ्यावर असं खोकं असेल तर या पावसाळ्याआधी उतरवा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर टेपमध्ये घालू नका, आधी जाणकाराला दाखवा. आतली फेल्टची गादी सुटली असेल, तीही बसवून घ्या. मागच्या पट्ट्या शाबूत असतील तर वाजवण्याआधी तोडून टाका. साइड शेवटपर्यंत ऐका, गाणी संपल्यावरही. आणि आवाज संगणकावर उतरवून झाला की ती बाई कोण, कुठल्या गावची, कोणत्या साली गायली, हे त्याच्यासोबत पूर्ण नावानं लिहून ठेवा.